लेकुरवाळी परत

आमच्या तळ्यात पाहुणे होते. मासेच, पण सगळे त्यांना पाहुणे म्हणायचे, कारण बोलावलं कोणी नव्हतं आणि जायचं नाव घेत नव्हते. कोणी म्हणतं, घरातल्या काचेच्या पेटीला कंटाळून कुणीतरी ती तळ्यात ओतली. कोणी म्हणतं, एका पुरात वरच्या बाजूने आले. कसे का येईनात, आले आणि ठाण मांडून बसले. तळातलं गवत खाल्लं, आमच्या माशांची अंडी खाल्ली, आणि आता जाळं ओढलं की दहातले सात तेच. राखाडी अंग, जाड ओठ, पाठीवर काट्यांचा कंगवा. बघतात पण असे, जणू आपणच त्यांच्या घरात घुसलोय.

मी तळ्यावर आले ती शाळा सोडून. गणिताच्या सरांशी माझं वाजलं, मी दप्तर उचललं आणि निघाले, परत गेलेच नाही. आई आठवडाभर बोलली, मग दमली आणि मला तिच्या बहिणीकडे पाठवलं. मावशीची होडी आहे. "हाताला काम असेल तोवर तिथे राहा," आई म्हणाली. "ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी गुपचूप वर्गात. पहिल्या बाकावर." मी म्हटलं चालेल. तळं काय कुठे पळून जातंय?

होडीत तीन माणसं. मावशी जाळं ओढणार, मी वल्हं मारणार आणि पडेल ते करणार, आणि मधे आप्पा. आप्पा म्हणजे मावशीचे सासरे. सत्तरी ओलांडलेली, दात चार, पण हात असे की जाळ्यातला मासा त्यांना बघूनच शांत होतो. तळ्यावर सहा होड्या, आणि सहाच्या सहा होड्यांना मासेमारी आप्पांनीच शिकवलेली. मलाही पहिल्या दिवसापासून शिकवायला लागले. म्हणजे बोटांवर टपल्या मारायला लागले.

"वीत लाव. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. वीत भरली तर ठेव. नाही भरली तर परत पाण्यात."

"आणि पोटात अंडी असली तर?"

"लेकुरवाळी परत. विचारायचंच नाही."

आठ दिवसांत माझा हात आपोआप चालायला लागला. शाळेत दहा वर्षांत जे झालं नाही ते इथे आठ दिवसांत.

मी येऊन दीड महिना झाला असेल, तेव्हा मत्स्य खात्याचा साहेब आला. पोरगेलासा, डोक्यावर टोपी, खांद्याला लटकता वजनकाटा. आम्ही त्याचं नावच वजनकाटा ठेवलं. तोंडावर साहेब, मागे वजनकाटा. त्याने सगळ्या होडीवाल्यांना किनाऱ्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बोलावलं आणि वही उघडली.

"तीन ठिकाणी माझं जाळं टाकलं," तो म्हणाला. "पहिले शंभर मासे मोजले. शंभरात सत्तर बाहेरचे. अजून दोन वर्षांनी तुमचा एक मासा शिल्लक राहणार नाही."

"मग काय करायचं म्हणता?" मावशीने विचारलं.

"काढा. जेवढे निघतील तेवढे काढा. चार महिन्यांनी मी परत मोजणार. शंभरात पस्तीस किंवा त्याच्या आत आले तर ठीक. नाहीतर तळं उपसायचं, औषध टाकायचं, जे उरेल ते सगळं मारायचं आणि नव्याने बीज सोडायचं."

"सगळं म्हणजे आमचेही मासे?"

"सगळं म्हणजे सगळं."

"आणि आम्ही?"

साहेबाने वहीत बघितलं. वहीत आम्ही नव्हतो. "दोन वर्षं तळं बंद राहील," तो म्हणाला.

दोन वर्षं! मावशीची होडी दोन वर्षं उन्हात पडली तर फळ्या उघडणार, जळणाला पण कोणी घेणार नाही. आणि मी? मला डोळ्यांपुढे गणिताचे सर दिसले. पहिला बाक दिसला.

"काढतो की," मी उठून म्हणाले. "रोज टोपल्या टोपल्या काढतो आणि खड्ड्यात पुरतो."

"पुरतो?" आप्पा पहिल्यांदा बोलले. "खायचं नाही ते मारायचं नाही. माझ्या होडीत तरी नाही."

"अहो आप्पा, पण खाणार कोण ते?" मागून एकजण ओरडला. "चिखल चाटल्यासारखं लागतं!"

ते खरं होतं. एकदा पाहुणा खाल्ला की माणूस दुसऱ्यांदा त्याच्या वाटेला जात नसे.

किनाऱ्यावर एक खानावळ आहे, सहा टेबलांची. ती चालवणारी काकू शेडच्या दाराला टेकून सगळं ऐकत होती. काकूचा आवाज असा की गिऱ्हाईक रस्त्यावरून जात असलं तरी त्याला भूक लागते. ती म्हणाली, "मासा चिखल खात नाही, चिखल त्याच्या कातडीत असतो. कातडी ओढून काढायची, मिठाच्या पाण्यात दोन तास, वर लिंबू. मी करून दाखवते. नाही आवडलं तर टोपली माझ्या डोक्यावर ओता."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने केला. आम्ही सगळे टेबलांभोवती, कोणीच पहिला घास घेईना. शेवटी मी घेतला, कारण मला थांबवत नाही. बाहेरून कडक, आतून पांढरा, चिखलाचा वाससुद्धा नाही.

"कसा आहे?" मावशीने विचारलं.

"वाईट," मी म्हटलं आणि ताट माझ्याकडे ओढलं. मग मात्र झुंबड उडाली.

वजनकाट्याने फक्त कडेचा तुकडा चाखला आणि त्याचा चेहरा पडला. "चांगला लागतोय," तो म्हणाला.

"मग रडताय कशाला?"

"काकू, लोकांना चटक लागली की तो संपावा असं कोणाला वाटणार? मी बघितलंय. आधी खाऊन संपवू म्हणतात, मग चार गुपचूप जपून ठेवतात."

"तुम्ही मोजा हो," काकू म्हणाली. "आम्ही तळतो."

दोन महिने दणक्यात गेले. काकूच्या सहा टेबलांची दहा झाली. लांबून लोक गाड्या घेऊन पाहुणे खायला यायला लागले. रोज सहा होड्यांतून टोपल्या उतरायच्या, आणि प्रत्येक टोपली बघून मला वाटायचं, बघ सर, मी तुझ्या बाकापासून अजून एक हात लांब गेले.

मग वजनकाटा मधली मोजणी करायला आला. नियमात नव्हती, पण म्हणाला अंदाज घेतो. जाळं टाकलं, शंभर मोजले, वहीत लिहिलं, आणि परत मोजले.

"किती?" मावशी म्हणाली.

"अडुसष्ट."

"शक्यच नाही!" मी म्हटलं. "डोंगर काढलाय आम्ही! तुमचं जाळं खोटं आहे."

"जाळं तेच आहे."

"मग तुम्ही खोटे आहात."

मावशीने माझ्या पायावर पाय दिला. साहेबाला राग नाही आला, तेच जास्त झोंबलं. तो वही मिटत म्हणाला, "कोणीतरी परत सोडतंय. दुसरं कारण दिसत नाही."

परत सोडतंय! हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाहुणे संपले तर कोणाचं नुकसान? दहा टेबलं कोणाची? मी सरळ खानावळीत घुसले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक भरलेलं.

"काकू, मागच्या अंगणात पिंपात काय ठेवलंयस?"

"पाणी."

"पाण्यात काय?"

"पाण्यात पाणी." काकूच्या हातात झारा होता. "काय झालं गं तुला? ऊन लागलं?"

"तू जिवंत पाहुणे ठेवतेस आणि संध्याकाळी तळ्यात सोडतेस. म्हणजे तुझा धंदा बुडायला नको. आमचं तळं बंद पडलं तरी चालेल!"

टेबलांवरचे घास हवेत थांबले. काकूने झारा ठेवला, माझं मनगट धरलं आणि मला मागच्या अंगणात नेलं. तीन पिंपं होती. एकेकाचं झाकण काढून तिने माझं डोकं आत घातलं, जवळजवळ बुडवलंच. पाणी. पाणी. आणि तिसऱ्यात भिजत घातलेले टेबलावरचे कपडे.

"बघितलंस? आता माझं ऐक. माझ्याकडे मासा येतो तो मेलेला येतो, आणि मोठाच येतो. मी सोडू म्हटलं तरी मेलेला मासा पोहत नाही. आणि एक सांग, शहाणे, दोन महिन्यांत माझ्याकडे एकही छोटा पाहुणा आलेला नाही. एकही नाही. सत्तरात सगळे काय आजोबाच आहेत का तळ्यात? छोटे जातात कुठे, ते आधी तुझ्या होडीत बघ."

मी तिथून निघाले ती पाय आपटत. चूक झाली की मला जास्तच राग येतो, हे माझं जुनंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वल्हं मारता मारता फक्त हात बघत होते. मावशीने जाळं ओढलं. आप्पा निवडायला बसले. एक आमचा मासा, वीत लावली, भरली, टोपलीत. एक पाहुणा, मोठा, टोपलीत. एक पाहुणा, वीतभरही नाही. आप्पांचा हात होडीच्या कडेवरून गेला आणि रिकामा परत आला. डुबुक्. मग एक मोठी मादी. आप्पांनी अंगठ्याने तिचा जबडा दाबला. तोंडात पिल्लं. हे पाहुणे पिल्लं तोंडात वाढवतात, भीती वाटली की सगळी पोरं आईच्या तोंडात. आप्पा तिच्याकडे बघून हसले, चार दातांनी, आणि तिला हळूच पाण्यात सोडलं. डुबुक्.

"आप्पा!"

"काय गं?"

"काय करताय तुम्ही?"

"काय करतोय?" त्यांना खरंच कळेना. त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं, जणू तो दुसऱ्याचा होता.

मावशीच्या हातातलं जाळं सुटलं. "अगंबाई," ती म्हणाली.

आता सांगायचं तर सगळं सांगते. मी वल्हं टाकलं, तोंड उघडलं, आप्पांना बोलायला, आणि त्याच वेळी माझ्या पायाशी एक छोटा पाहुणा उडत होता. मी ओरडत होते आणि माझ्या उजव्या हाताने तो उचलला, वीत लावली आणि पाण्यात टाकला. माझ्याच हाताने! दोन महिने मीच टाकत होते. शेकड्यांनी टाकले असतील. सहा होड्या, सगळ्यांचे हात आप्पांनी घडवलेले, आणि सगळे छोटे पाहुणे, सगळ्या पाहुणीण बायका रोज सुखरूप घरी. कोणाच्या डोक्यातच आलं नाही. श्वास घेताना कोण विचार करतं?

पण मी स्वतःवर चिडण्याऐवजी आप्पांवर चिडले. ते सोपं होतं.

"तुमच्यामुळे झालं हे! तुमचे नियम, तुमची वीत! तळं बंद पडलं तर तुमच्यामुळे पडणार! सगळ्यांना तुम्हीच शिकवलंत ना? आता बघा काय शिकवलंत!"

किनारा आला, आप्पा उतरले, धोतर सावरलं आणि घराकडे चालायला लागले. मागे वळून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी होडीवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

"शाबास," मावशी म्हणाली. एवढंच. तिने मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघीच होतो. मावशी ओढतेय, मी निवडतेय. मी ठरवलं होतं, आता वीतबीत काही नाही, सगळं टोपलीत. छोटे टाकले. हात दर वेळी कडेकडे जायचा, मी त्याला ओढून आणायचे. मग एक मादी आली. जबडा फुगलेला. मी लाकडी दांडका उचलला, आणि तिने तोंड उघडलं. फळीवर पिल्लं सांडली. डोळ्यांना शेपट्या लावल्यासारखी, तीस-चाळीस. आणि ती तोंड उघडंच ठेवून तिथे पडली, पिल्लं परत येतील म्हणून.

मी दांडका मारला तो फळीवर. दुसरा तिच्या शेपटीवर. ती तडफडायला लागली, मी अजूनच घाबरले, आणि शेवटी मावशीने माझ्या हातातून दांडका घेतला आणि एका फटक्यात संपवलं. मग पाठ फिरवून जाळं ओढायला लागली, नाक ओढत.

मी ओरडताना हे ध्यानात घेतलंच नव्हतं, की मी आप्पांना नक्की काय करायला सांगतेय. पन्नास वर्षं जो हात थांबला तो हात उचलायला सांगत होते.

संध्याकाळी आप्पांच्या खोलीत गेले. लहानशी खोली, एक खाट, खिळ्याला कंदील, जमिनीवर जाळं पसरलेलं. ते फाटका भाग विणत होते. जाळं फाटलेलं नव्हतं. चांगल्या गाठी सोडून परत मारत होते.

मी उंबऱ्यावरच बसले. माफी मागायची तर मला येत नाही, शब्द घशात काटा होऊन बसतो. म्हणून म्हटलं, "मला जमत नाही."

"काय?"

"लेकुरवाळी. दोनदा मारलं, दोन्हीदा चुकलं. तिला खूप लागलं."

आप्पांचे हात थांबले. "कुठे मारलंस?"

"फळीवर. मग शेपटीवर."

"शेपटीवर?" ते इतके चिडले की सुई खाली पडली. "शेपटीवर मारतात? वेडे, हात थरथरला की मासा जास्त भोगतो! डोळ्यांच्या जरा मागे, वरून, एकच. दुसरा लागताच कामा नये." मग सुई उचलत म्हणाले, "माझ्या बापाने मला शिकवलं, लेकुरवाळी परत. का, तर उद्या जाळ्यात काहीतरी यावं म्हणून. आता तीच लेकुरवाळी उद्याचं खातेय. हे मला तीन दिवस कळतंय. हाताला कळत नाहीये."

"माझ्याही हाताला नाही कळत, आप्पा. तुमच्यावर ओरडत होते ना, तेव्हासुद्धा मी एक सोडला."

"बघितलं मी ते."

"मग बोलला का नाहीत?"

"तू श्वास घेत नव्हतीस, बोलणार कधी?"

मग ते खाटेवरून उठले, कण्हत, गुडघे वाजवत. "उद्या येतो. पण दोन गोष्टी. मारायची ती एका फटक्यात, मी शिकवतो. आणि मारलेलं वाया घालवायचं नाही. बोटभर असलं तरी खायचं. जा, तुझ्या त्या काकूला सांग."

काकूला सांगायचं म्हणजे आधी काकूपुढे उभं राहायचं. मी खानावळीत गेले. तिने मला बघितलं आणि म्हणाली, "ये. पिंपं बघायची आहेत?"

"नाही."

"कपडे वाळत घातलेत, ते तपासतेस?"

"काकू, चुकलं माझं," मी म्हटलं. काट्यासकट बाहेर आलं एकदाचं.

ती हसली आणि माझ्यापुढे ताट सरकवलं. पण छोट्या पाहुण्यांचं ऐकल्यावर तिने कपाळाला हात लावला. "ते? नुसता काट्यांचा भुगा! कोण खाणार?" तरी तिने डोकं लावलं. पहिल्या दिवशी उकडले, लगदा झाला. दुसऱ्या दिवशी भाजले, कोळसा झाला. तिसऱ्या दिवशी डोकी काढून, पीठ लावून, मंद तेलावर इतका वेळ तळले की काटेसुद्धा कुरकुरले. कागदाच्या पुड्यात भरून विकायला सोपे.

"विकणार कुठे?" मी विचारलं.

"जिथे दुपारी दीड वाजता तीनशे भुकेली तोंडं एकदम बाहेर पडतात तिथे."

शाळा. माझी शाळा नव्हे, पण शाळाच ती. फाटक तेच, घंटा तीच, आणि वासही तोच. टोपली घेऊन फाटकावर मी. पहिल्या दिवशी एक मास्तर आले, पुडा घेतला, खात खात म्हणाले, "कितवीत आहेस?"

"कितवीतच नाही."

"अरेरे."

"सर, अरेरे म्हणता म्हणता तुम्ही दुसरा पुडा संपवलात."

इकडे आप्पांनी मात्र खरं काम केलं. एका सकाळी ते बाकीच्या पाचही होड्यांवर गेले. मी वल्हं मारत होते म्हणून ऐकलं. प्रत्येक होडीला तेच बोलले: "मी शिकवलेलं आमच्या माशांसाठी आहे. ते सोडू नका. पाहुण्यांसाठी ते उलटं. छोटा आधी, लेकुरवाळी आधी. चूक माझी, मला वेळेवर सुचलं नाही." चौथ्या होडीवरचा दांडगा गडी, ज्याला सगळे घाबरतात, तो खाली बघत म्हणाला, "आप्पा, माझ्याने पिल्लंवाली नाही मारवत." आप्पा त्याच्या होडीत चढले आणि दिवसभर तिथेच बसले. त्याला शिकवलं. मला शिकवलं तसंच, टपल्या मारून.

शिकले मीही. आवडलं असं नाही म्हणणार. पण आता माझा हात थरथरत नाही.

शेवटच्या मोजणीच्या दिवशी सगळी शेड भरली. वजनकाट्याने आपलं जाळं तीन ठिकाणी टाकलं. दोन टब होते, एक निळा, एक लाल. आमचा मासा निळ्यात, पाहुणा लालमध्ये. तो मोठ्याने मोजत होता आणि आम्ही मनात. साठाला लालमध्ये बावीस होते. ऐंशीला तीस. मावशीने माझा दंड धरला, नखं रुतली. शंभर.

"एकोणचाळीस," साहेब म्हणाला.

पस्तिसाच्या वर चार. चार मासे! मला बाक दिसला, फळा दिसला, खडूची पूड नाकात गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशीचा पाय माझ्या पायावर आलाच.

आप्पा लाल टबाशी जाऊन उकिडवे बसले. "साहेब, जरा इकडे या. हे बघितलेत का?"

"मोजलेत, आप्पा."

"मोजलेत. बघितले नाहीत." त्यांनी एकेक मासा उचलून दाखवला. "हा म्हातारा. हा म्हातारा. ही म्हातारी, तोंड रिकामं. हा माझ्या वयाचा. एकोणचाळिसात छोटा कुठे आहे ते मला दाखवा."

वजनकाटा खाली बसला. पँट चिखलात गेली तरी बसला. एकेक मासा मापपट्टीवर ठेवला, एकेकीचा जबडा उघडला. मग वहीची जुनी पानं काढली आणि बोट ठेवून वाचत राहिला. "पहिल्या मोजणीत सत्तरात शेचाळीस छोटे होते," तो म्हणाला. "आज तीन. पिल्लंवाली एकही नाही."

"म्हणजे काय?" मी न राहवून म्हटलं.

"म्हणजे यांच्या मागे कोणी येत नाहीये." तो उठला, फोन काढला आणि किनाऱ्याने चालायला लागला. लांब गेला. आम्हाला फक्त त्याचा हात दिसत होता, हवेत काहीतरी समजावणारा. एकदा थांबला, तेव्हा मावशीने डोळे मिटले. एकदा टोपी काढून डोकं खाजवलं, तेव्हा मी मिटले.

परत आला. "वरिष्ठ म्हणतात आकडा म्हणजे आकडा," तो म्हणाला, आणि माझ्या पायावरचा मावशीचा पायच निघाला. "मी म्हटलं, मग आकड्यासोबत वयं पण लिहून घ्या. खूप वेळ भांडलो. अजून एक हंगाम मिळाला, वर्षभराचा. औषध नाही. उपसा नाही. लेखी देतो."

मग जो आवाज झाला त्यात काय काय होतं ते सांगता येणार नाही. चौथ्या होडीचा दांडगा रडत होता, हे मी बघितलं. तो नाही म्हणतो. मावशीने साहेबाला मिठीच मारली असती, पण तिचे हात माशांचे होते, म्हणून तिने मला मारली. मी तिच्याच फोनवरून आईला फोन लावला. "अजून एक वर्ष काम आहे," मी म्हटलं. पलीकडून आई म्हणाली, "वर्ष म्हणजे वर्ष हं. आणि जेवतेस का नीट?"

काकू मात्र कमरेवर हात ठेवून उभी. "आणि हे एकोणचाळीस संपले, त्यांचेही भाऊबंद संपले, की मी काय तळू?"

"आमचे मासे वाढतील ना काकू."

"ते तुम्ही वीत लावून मोजून देणार. माझी दहा टेबलं त्यात भरतात का?" ती म्हणाली. खरं होतं. मग तिने तळ्याकडे बघितलं. "जाऊ दे. सहा टेबलांवर माझी पाठ कमी दुखायची," असं म्हणत ती चूल पेटवायला गेली.

निळा टब आम्ही होडीवाल्यांनी उचलून पाण्यात रिकामा केला. आमचे मासे एक क्षण थांबले आणि गेले. लाल टब तिथेच राहिला. एकोणचाळीस पाहुणे एकावर एक, श्वास घेत. एवढ्या गडबडीत त्यांना सगळे विसरले होते.

"हे असं ताटकळत ठेवायचं नाही," आप्पा म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. मी टबाशी बसले. पहिला उचलला, डोळ्यांच्या जरा मागे, वरून. एकच. दुसरा. तिसरा. आठव्याला बाजूला सावली पडली. वजनकाटा उभा होता. त्याने खांद्यावरचा काटा उतरवून शेडच्या खुंटीला अडकवला, बाह्या सरसावल्या आणि माझ्या शेजारी उकिडवा बसला.

"मी फक्त मोजलेत आजवर," तो म्हणाला. "कुठे मारायचं?"

"दाखवते," मी म्हटलं. "हात आधी ओला करा, साहेब. कोरड्या हाताने धरलं की त्यांना त्रास होतो."